टेलिकॉम कंपनीचा शाश्वतता अहवाल: डिझेलच्या नोंदीपासून ऑडिटरच्या सहीपर्यंत

शाश्वतता अहवालाचे, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणीय आणि सामाजिक कामगिरीच्या वार्षिक अहवालाचे, काम पहिल्यांदा अंगावर पडले की बहुतेक जण मागच्या वर्षीचा अहवाल उघडतात, आकड्यांच्या जागा रिकाम्या करतात आणि "भरून पाठवा" म्हणून सगळ्या विभागांना ईमेल करतात. टेलिकॉम कंपनीत ही युक्ती लवकरच अडते. कारखान्याला फाटक असते, मीटर असतो. आत काय आले आणि बाहेर काय गेले हे मोजता येते. टेलिकॉमचे जाळे हजारो ठिकाणी पसरलेले असते. त्यातल्या बहुतेक ठिकाणी माणूस बसत नाही. टॉवर अनेकदा दुसऱ्या कंपनीचा, त्यावर दोन-तीन ऑपरेटरांची उपकरणे, जनरेटरमध्ये डिझेल भरणारा कंत्राटदार आणखी वेगळा, आणि विजेचे बिल कधी कधी जागामालकाच्या नावावर. ग्राहकाच्या घरातला राउटर कोणाच्या हिशेबात धरायचा, हा प्रश्न त्यात भर घालतो.

म्हणून इथे लिखाणापेक्षा मोजणीबद्दल जास्त बोलायचे आहे. अहवालाचा मजकूर काही आठवड्यांत लिहून होतो. आकडा कुठून येणार, कोण देणार आणि तो बरोबर आहे हे कशावरून, याची घडी बसवायला मात्र वर्ष लागते. ती घडी बसली नसेल तर कितीही सुंदर मांडणी केली तरी ऑडिटरच्या दुसऱ्या प्रश्नाला अहवाल कोसळतो.

पहिली पायरी: कोणती चौकट लागू आहे ते ठरवा

कंपनी सचिव, वित्त विभाग आणि कायदा विभागाबरोबर एक बैठक घ्या आणि तीन याद्या करा: कायद्याने सक्तीचे काय, गुंतवणूकदार आणि बँका काय मागतात, आणि स्वेच्छेने काय द्यायचे आहे.

युरोपीय संघात बिगर-वित्तीय अहवालाच्या २०१४ च्या निर्देशाची जागा २०२२ मध्ये सीएसआरडी या शाश्वतता अहवालाच्या निर्देशाने घेतली. त्यासाठी ईएसआरएस ही अहवालाची १२ मानके २०२३ मध्ये स्वीकारली गेली, आणि २०२५ मध्ये त्यांची व्याप्ती व बोजा कमी करण्याची प्रक्रिया सुरू झाली. तिथे उपकंपनी असेल तर "आपण अजून कक्षेत आहोत का" हे दर वर्षी नव्याने तपासावे लागते. भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) सक्तीचा केला. आयएसएसबी या आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाची आयएफआरएस एस१ आणि एस२ ही मानके जून २०२३ मध्ये आली आणि अनेक देश ती आपापल्या नियमांत आणत आहेत. स्वेच्छेने अहवाल देणाऱ्यांत सर्वाधिक रुळलेली मानके ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे जीआरआयची; त्यांची सुधारित सार्वत्रिक मानके १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत.

या सर्वसाधारण चौकटींखेरीज दोन गोष्टी खास टेलिकॉमच्या आहेत आणि त्या हाताशी असायलाच हव्यात. एक म्हणजे सॅसबी या उद्योगनिहाय मानकांच्या संचातले दूरसंचार सेवांसाठीचे मानक: ऊर्जा, ग्राहकांच्या माहितीची गोपनीयता, सायबर सुरक्षा, जुन्या उपकरणांची विल्हेवाट, स्पर्धा व खुले इंटरनेट, आणि नेटवर्क बंद पडण्याचे प्रमाण हे विषय त्यात आहेत. दुसरी म्हणजे मोबाइल ऑपरेटरांच्या जीएसएमए या संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला मोबाइल क्षेत्राचा ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार) निर्देशकांचा संच. दोन्ही छोटे आहेत. एका दुपारी वाचून होतात.

मग एकच तक्ता बनवा. डावीकडे प्रत्येक आकडा, पुढच्या रकान्यांत तो कोणकोणत्या मानकाला लागतो. हेतू हा की नेटवर्क विभागाकडे विजेचा आकडा एकदाच मागितला जावा. एकच आकडा चार वेगवेगळ्या फॉर्ममध्ये मागणाऱ्या चमूला तिसऱ्या वर्षी कोणी उत्तर देत नाही.

दुसरी पायरी: हद्द आखा

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, आणि व्हायलाच हवेत. हरितगृह वायूंच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलचे २००४ चे सुधारित कंपनी मानक उत्सर्जनाची हद्द आखण्याचे तीन मार्ग देते: भागभांडवलाच्या प्रमाणात, आर्थिक नियंत्रणानुसार किंवा कार्यचालनावरील नियंत्रणानुसार. टेलिकॉममध्ये बहुतेक कंपन्या तिसरा मार्ग घेतात. तरी प्रश्न उरतो: टॉवर कंपनीच्या जागेवरचा जनरेटर "चालवतो" कोण?

उत्सर्जनाचे तीन भाग धरतात: तुम्ही स्वतः जाळलेले इंधन आणि गळलेले वायू म्हणजे स्कोप १, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २, आणि पुरवठादार, ग्राहक अशा इतरांकडे होणारे म्हणजे स्कोप ३. आता तीन प्रकारच्या साइट्स, म्हणजे टॉवर आणि उपकरणांच्या जागा, वेगळ्या काढा. स्वतःच्या मालकीची साइट, जिथे डिझेल आणि वीज तुम्हीच विकत घेता: डिझेल स्कोप १, वीज स्कोप २, वाद नाही. टॉवर कंपनीची साइट, जिथे ऊर्जेचे बिल युनिटनुसार तुमच्याकडे वळते केले जाते: वीज तुमची उपकरणे वापरतात म्हणून अनेक ऑपरेटर ती स्कोप २ मध्ये धरतात, पण जनरेटर टॉवर कंपनी चालवते म्हणून त्याचे डिझेल स्कोप ३ मध्ये टाकतात. आणि तिसरी, जिथे ठरावीक मासिक शुल्कात ऊर्जा गृहीत धरलेली असते आणि युनिट दिसतच नाहीत. इथे अंदाजाशिवाय मार्ग नाही.

कोणता पर्याय निवडला यापेक्षा तो लेखी असणे, सगळ्या साइट्सना सारखा लावणे आणि दर वर्षी तोच ठेवणे जास्त महत्त्वाचे. टॉवर विकून परत भाड्याने घेण्याचे व्यवहार या क्षेत्रात नेहमीचे आहेत. अशा व्यवहारानंतर स्कोप १ एकदम खाली येतो आणि स्कोप ३ वर जातो. हवेत जाणारा धूर तेवढाच असतो. ही घट "आमची हवामान कामगिरी" म्हणून छापणारे अहवाल निघतात, आणि विश्लेषक ती पहिल्या वाचनातच पकडतात. आधार वर्षाची, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करता त्याच्या आकड्यांची, फेरमांडणी करा आणि कारण त्याच पानावर लिहा. फेरमांडणीची मर्यादाही आधीच ठरवून ठेवा. विज्ञानाधारित लक्ष्ये तपासणारी एसबीटीआय ही संस्था ५ टक्के बदलाची मर्यादा मानते.

नेटवर्क शेअरिंग विसरू नका. दोन ऑपरेटर मिळून एकच रेडिओ नेटवर्क वापरत असतील आणि अर्धा प्रदेश हा चालवत असेल, अर्धा तो, तर दोघांच्या अहवालात काही साइट्स दोनदा येतात किंवा कुठेच येत नाहीत. समोरच्या कंपनीच्या शाश्वतता चमूला वर्षातून एकदा फोन करून यादी जुळवली की हा घोळ मिटतो. हे करणारे फार थोडे.

तिसरी पायरी: महत्त्वाचे विषय निवडा

यालाच सगळे मटेरियॅलिटी म्हणतात. जीआरआय विचारते की तुमच्यामुळे लोकांवर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो. आयएसएसबी विचारते की या विषयांमुळे कंपनीच्या पैशावर काय परिणाम होईल. ईएसआरएस दोन्ही विचारते.

सर्वेक्षण पाठवून "या विषयाला १ ते ५ पैकी किती गुण द्याल" असे विचारायची पद्धत रूढ आहे. माझ्या मते तिच्यातून फारसे हाती लागत नाही. सगळे जण सगळ्या विषयांना ४ गुण देतात. त्याऐवजी कंपनीत आधीच असलेल्या नोंदी उघडा: कॉल सेंटरच्या तक्रारींचे वर्गीकरण, नियामकाने केलेले दंड, न्यायालयातले दावे, नेटवर्क बंद पडल्याच्या घटना, टॉवरविरुद्ध स्थानिक लोकांनी दिलेली निवेदने, अपघातांची नोंदवही. मग प्रत्येक परिणाम किती गंभीर, किती जणांवर, भरून निघणारा आहे का आणि घडण्याची शक्यता किती, या कसोट्या लावा. मानवी हक्कांच्या बाबतीत शक्यतेपेक्षा गांभीर्याला जास्त वजन द्यायचे असते. इंटरनेट बंदीचा सरकारी आदेश वर्षातून एकदाच येत असेल, तरी तो यादीत वर राहतो.

टॉवरच्या लहरींबद्दलची भीतीही यादीत घ्या, तांत्रिक विभागाला ती निराधार वाटत असली तरी. उत्तरात आयसीएनआयआरपी या लहरींपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शक मर्यादा, देशातला नियम आणि प्रत्यक्ष मोजमापांचे निकाल द्या. "आम्ही सर्व नियम पाळतो" एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही.

चौथी पायरी: ऊर्जेचा आकडा पक्का करा

इथे वेळ घालवा. ऊर्जेचा आकडा चुकला की उत्सर्जन, खर्च, लक्ष्य, सगळेच चुकते. मोबाइल ऑपरेटरच्या नेटवर्कमधली साधारण तीन-चतुर्थांश ऊर्जा रेडिओ अॅक्सेस भागात, म्हणजे साइट्सवर जाते. डेटा सेंटरला मीटर असतात आणि तिथले अभियंते ते रोज पाहतात. अडचण साइट्सची.

पहिले काम, साइट्सची एकच मूळ यादी. नेटवर्क विभागाकडची यादी, भाडेकरार सांभाळणाऱ्यांची यादी आणि बिले भरणाऱ्यांची यादी या तिन्ही जुळत नाहीत, असे धरूनच चाला. साइटचा एक कायम क्रमांक ठरवा आणि त्यापुढे लिहा: मालक कोण, वीजजोडणी कोणाच्या नावाने, मीटर आहे का, जनरेटर आहे का, सोलर आहे का, केव्हा सुरू झाली, केव्हा बंद झाली. बंद झालेल्या साइट्सची बिले येत राहणे ही या क्षेत्रातली जुनीच गोष्ट आहे. अहवालाच्या निमित्ताने ती सापडली की वित्त विभाग तुमचा मित्र होतो.

दुसरे, प्रत्येक साइटच्या आकड्याला दर्जा द्या. प्रत्यक्ष मीटर किंवा दूरस्थ देखरेख यंत्रणेची नोंद असेल तर "अ", वीज कंपनीचे बिल असेल तर "ब", उपकरणांच्या भारावरून काढलेला अंदाज असेल तर "क", आणि नुसत्या रकमेला दराने भागून काढलेला असेल तर "ड". वर्षाच्या शेवटी एकूण ऊर्जेपैकी किती टक्के कोणत्या दर्जाची हे अहवालात छापा. अंदाजाचे प्रमाण लपवण्यापेक्षा ते दर वर्षी कमी होताना दाखवणे कधीही चांगले.

तिसरे, बिलांचा कालावधी. बिल उशिरा येते आणि महिन्याच्या मधूनच सुरू होते. वित्त विभाग वर्षअखेरीला तरतूद करतो, पण ती रकमेत असते, युनिटमध्ये नसते. तेव्हा दिवसांच्या प्रमाणात युनिट वाटून घेण्याचा नियम लिहून ठेवा.

आणि आता डिझेल. खरेदीची पावती म्हणजे वापर नव्हे: टाकीत शिल्लक उरते, वाटेत गळती होते आणि चोरीही होते. म्हणून तीन आकडे एकमेकांसमोर ठेवा: किती लिटर विकत घेतले, जनरेटर किती तास चालला, आणि त्या तासांत साइटने किती युनिट वापरले. नीट भारावर चाललेला डिझेल जनरेटर लिटरमागे साधारण ३ ते ३.५ युनिट वीज देतो. समजा साइटचा भार ३ किलोवॅट आहे आणि दिवसाला ४ तास वीज नसते. वर्षाला ४,३८० युनिट झाले. म्हणजे १,२५० ते १,४६० लिटर डिझेल पुरायला हवे. नोंद २,६०० लिटरची असेल तर तीन शक्यता: जनरेटर गरजेपेक्षा फार मोठा असून अर्धवट भारावर चालतो आहे, तासांची नोंद खोटी आहे, किंवा डिझेल दुसरीकडे जाते आहे. कोणतीही निघाली तरी ती शोधण्यासारखी आहे. पण अहवालात कोणता आकडा घ्यायचा? पुरावा नसेल तोवर खरेदीचा, म्हणजे मोठा. कमी आकड्याकडे कल ठेवला की ऑडिटरचा विश्वास जातो.

"एका जीबीमागे किती ऊर्जा" हा आकडा विपणन विभागाला फार आवडतो. डेटा वाहतूक दर वर्षी वाढते आणि साइटची बरीचशी वीज वाहतूक असो वा नसो खर्च होतच असते. त्यामुळे कोणी काही न करताही हा आकडा सुधारतो. तो द्या, पण त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, एकूण युनिट द्या. मोबाइल नेटवर्कच्या ऊर्जा कार्यक्षमतेचे गंभीर मोजमाप करायचे असेल तर त्यासाठी आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेची एल.१३३१ ही शिफारस आहे.

पाचवी पायरी: स्कोप १ आणि २

गणित सोपे आहे: वापर गुणिले उत्सर्जन गुणांक. डिझेल लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. गुणांक कोणत्या संस्थेचा, कोणत्या वर्षाचा, हे नोंदवा आणि सगळीकडे तोच वापरा.

स्कोप १ मध्ये हमखास राहून जातात ते वायू. एक्स्चेंज आणि डेटा सेंटरमधले एसी, आणि आग विझवण्यासाठी भरलेले वायू. आर-४१०ए या शीतक वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट आहे. एका इमारतीत वर्षभरात तो १० किलो गळला तर २० टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन झाले. सुमारे ७,४०० लिटर डिझेल जाळण्याइतके. एफएम-२०० या नावाने ओळखला जाणारा अग्निशामक वायू ३,००० पटीच्याही वर आहे, आणि चुकून एकदा सिलिंडर सुटला तरी तो वर्षाच्या हिशेबात दिसतो. यासाठी एसी दुरुस्तीच्या कंत्राटदाराकडून "किती किलो भरला" ही नोंद घ्या. जितका भरला तितका गळला असे धरण्याची पद्धत आहे. नव्या यंत्रात पहिल्यांदा भरलेला वायू त्यातून वगळायचा.

स्कोप २ मध्ये जीएचजी प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दोन आकडे द्यायचे असतात: एक ग्रिडच्या सरासरी गुणांकावरचा, दुसरा तुमच्या वीजखरेदी करारांवर आणि हरित प्रमाणपत्रांवर आधारलेला. दुसरा आकडा शून्याजवळ आला तरी पहिला लपवू नका. प्रमाणपत्रे त्याच बाजारपेठेतली, त्याच काळातली आणि तुमच्या नावावर रद्द केलेली, म्हणजे पुन्हा कोणाला वापरता न येणारी, आहेत ना, हे ऑडिटर पाहणारच आहे.

सहावी पायरी: स्कोप ३, आणि घरातला राउटर

जीएचजी प्रोटोकॉलच्या २०११ च्या मानकात स्कोप ३ चे १५ प्रकार आहेत. सगळ्यांवर सारखी मेहनत घेऊ नका. टेलिकॉममध्ये वजन साधारणपणे चार-पाच ठिकाणी असते: खरेदी केलेल्या वस्तू व सेवा, भांडवली उपकरणे, इंधन व विजेच्या पुरवठासाखळीतले उत्सर्जन, विकलेल्या उपकरणांचा वापर आणि भाड्याने दिलेली उपकरणे. जीएसएमए, आयटीयू आणि शाश्वततेवर काम करणारी गेसी ही संघटना यांनी २०२३ मध्ये खास टेलिकॉम ऑपरेटरांसाठी स्कोप ३ चे मार्गदर्शन काढले आहे. ते वाचल्याशिवाय सल्लागार नेमू नका.

राउटरचा हिशेब मुद्दाम उलगडून सांगतो, कारण तिथे आकडे एकदम उड्या मारतात. १० वॅटचा राउटर अखंड चालला तर वर्षाला ८७.६ युनिट खातो. पाच वर्षांत ४३८ युनिट. आता १ लाख राउटर विकले, तर ते "विकलेल्या उत्पादनांचा वापर" या प्रकारात येतात आणि त्यांच्या संपूर्ण आयुष्यातला वापर, म्हणजे ४ कोटी ३८ लाख युनिट, विक्रीच्याच वर्षात धरावा लागतो. तेच राउटर मालकी ठेवून ग्राहकाला भाड्याने दिले तर दर वर्षी ८७ लाख ६० हजार युनिट "भाड्याने दिलेल्या मालमत्तेत" येतात. व्यवसायाने विक्री सोडून भाडेपद्धत स्वीकारली की पहिल्याच वर्षी स्कोप ३ घसरलेला दिसतो. पर्यावरणाला त्यातून काही मिळालेले नसते. सेट-टॉप बॉक्सचेही हेच.

पुरवठासाखळीत सुरुवातीला खर्चावर आधारित अंदाज चालतो, म्हणजे इतक्या रकमेच्या खरेदीमागे इतके उत्सर्जन. पण त्यात अडकून पडलात तर उत्सर्जन कमी करायचा एकच मार्ग उरतो, कमी खरेदी. शिवाय दर वाढले तरी उत्सर्जन वाढलेले दिसते. खर्चाच्या क्रमाने पुरवठादारांची यादी लावा. रेडिओ उपकरणे आणि हँडसेट बनवणारे मोठे उत्पादक थोडेच असतात आणि त्यांच्याकडे उत्पादनागणिक उत्सर्जनाचे आकडे बहुतेक वेळा मिळतात. तिथून बदलायला लागा. कारखान्यांतल्या कामगारांची स्थिती तपासण्यासाठी टेलिकॉम ऑपरेटरांची जेएसी ही संयुक्त व्यवस्था आहे. एकाच कारखान्यात दहा ऑपरेटरांचे दहा ऑडिट होण्यापेक्षा ते बरे.

सातवी पायरी: माणसे आणि माहिती

सुरक्षेच्या आकड्यात पहिला प्रश्न: कंत्राटी माणसे मोजली का? टॉवरवर चढणारे, केबल टाकणारे, रात्री डिझेल पोहोचवणारे बहुतेक कंत्राटदाराचेच असतात. उंचीवरून पडणे आणि रस्ते अपघात हे या कामातले मोठे धोके. कंपनीच्या पगारपत्रकावरच्या कर्मचाऱ्यांचा शून्य अपघाताचा आकडा कार्यालयातल्या खुर्च्यांची सुरक्षितता सांगतो. जीआरआय ४०३ नुसार तुमच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या बाहेरच्या कामगारांचीही माहिती द्यावी लागते.

दर काढताना छेद तपासा. ८० लाख कामाच्या तासांत ४ जखमी झाले, तर १० लाख तासांमागे दर ०.५ येतो आणि २ लाख तासांमागे ०.१. दोन्ही पद्धती मान्य आहेत. कोणती वापरली ते न लिहिणे मान्य नाही.

गोपनीयतेचा भाग कायदा विभागाकडे सोपवून मोकळे होऊ नका. सॅसबी विचारते: सरकारी यंत्रणांकडून ग्राहकांच्या माहितीच्या किती मागण्या आल्या, किती ग्राहकांबद्दल, आणि त्यातल्या किती टक्के मागण्यांत माहिती दिली गेली. काही देशांत हा आकडा प्रसिद्ध करायला कायद्यानेच बंदी असते. तसे असेल तर तेच लिहा, कायद्याचा उल्लेख करून, आणि मागणी आल्यावर कंपनी आत काय प्रक्रिया करते ते सांगा: लेखी आदेश मागते का, सही कोण करतो, जास्त मागितले तर हरकत घेते का. या विषयावर ऑपरेटरांनी २०१३ मध्ये सुरू केलेला टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री डायलॉग पुढे २०१७ मध्ये ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्हमध्ये सामील झाला. तिथल्या सदस्य कंपन्यांचे पारदर्शकता अहवाल नमुना म्हणून पाहण्यासारखे आहेत.

डिजिटल समावेशाच्या भागात "इतके टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचलो" एवढ्यावर थांबू नका. सिग्नल असूनही इंटरनेट न वापरणारे लोक जगात सिग्नल नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यामुळे परवडणारा दर, हँडसेटची किंमत, भाषा, स्त्री-पुरुष तफावत यांचे आकडे हवेत. परवडण्यासाठी एक मोजपट्टी तयार आहे: संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने प्राथमिक ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत आणण्याचे लक्ष्य २०१८ मध्ये ठेवले होते.

आठवी पायरी: भंगार

जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. टेलिकॉमचा वाटा बॅटऱ्या, राउटर, हँडसेट आणि काढून टाकलेली नेटवर्क उपकरणे यांचा. मालमत्तेच्या नोंदवहीत नग असतात, किलो नसतात. म्हणून प्रत्येक मॉडेलच्या वजनाचा तक्ता एकदा करून ठेवा. शिशाच्या बॅटऱ्या धोकादायक कचऱ्यात वेगळ्या दाखवा. पुनर्वापर करणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि तुमच्या गोदामाच्या गेटपासचे वजन यांचा मेळ घाला.

जुने तांब्याचे जाळे किंवा ३जी बंद केलेल्या वर्षी पुनर्वापराचे टक्के एकदम वर जातात. तो आकडा वेगळा काढून दाखवला नाही तर पुढच्या वर्षी घसरणीचे स्पष्टीकरण देत बसावे लागते.

नववी पायरी: नियंत्रण आणि ऑडिट

प्रत्येक निर्देशकासाठी एक पान लिहा: व्याख्या, हद्द, स्रोत, सूत्र, अंदाजाची पद्धत, आकडा भरणारा कोण आणि तपासणारा कोण. ही पाने एकत्र केली की रिपोर्टिंग मॅन्युअल तयार. भरणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. मागच्या वर्षापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दोन ओळींचे कारण सक्तीचे करा. "व्यवसाय वाढला" हे कारण धरू नका.

बाहेरच्या तपासणीचे दोन स्तर असतात. मर्यादित खात्रीत ऑडिटर म्हणतो, "चूक असल्याचे आमच्या नजरेस आले नाही." वाजवी खात्रीत तो आकडा सर्व महत्त्वाच्या बाबींत योग्य असल्याचे सांगतो, आणि त्यासाठी कितीतरी जास्त खोदतो. आजवर आयएसएई ३००० आणि हरितगृह वायूंसाठी ३४१० ही मानके वापरली जात. नोव्हेंबर २०२४ मध्ये शाश्वतता माहितीसाठी स्वतंत्र आयएसएसए ५००० आले, जे १५ डिसेंबर २०२६ पासून सुरू होणाऱ्या कालावधींना लागू होते.

ऑडिटरला वर्ष संपण्याआधीच बोलवा आणि नऊ महिन्यांच्या आकड्यांवर सराव तपासणी करून घ्या. तो नमुन्यादाखल काही साइट्स निवडेल आणि त्यांची बिले, मीटरचे फोटो, डिझेलच्या पावत्या मागेल. त्या दोन दिवसांत काढता आल्या तर व्यवस्था ठीक आहे. दोन आठवडे लागले तर वर्षअखेरीला काय होईल ते तुम्हीच ओळखा.

दहावी पायरी: लक्ष्ये आणि दावे

आयटीयूच्या एल.१४७० शिफारशीने माहिती-तंत्रज्ञान व संपर्क क्षेत्रासाठी २०२० ते २०३० या काळात ४५ टक्के कपातीचा मार्ग आखला. त्यावर आधारित एसबीटीआयच्या मार्गदर्शनात मोबाइल ऑपरेटरांसाठी ४५, फिक्स्ड नेटवर्कसाठी ६२ आणि डेटा सेंटरसाठी ५३ टक्के असे आकडे आहेत. लक्ष्य लिहिताना आधार वर्ष, हद्द आणि कोणता स्कोप हे त्याच वाक्यात यायला हवे. लक्ष्याच्या मागे पडत असाल तर तेही तिथेच, कारणासकट.

"आमच्या सेवांमुळे ग्राहकांचे इतके उत्सर्जन वाचले" हा आकडा टेलिकॉमला फार मोहात पाडतो. व्हिडिओ बैठकीमुळे प्रवास टळतो हे खरे आहे, पण किती टळला असता याचा अंदाज गृहीतकांवर उभा असतो. त्यासाठी आयटीयूची एल.१४८० ही पद्धत आहे. ती वापरा आणि हा आकडा स्वतःच्या उत्सर्जनातून कधीही वजा करू नका. "कार्बन न्यूट्रल" प्लॅन किंवा हँडसेटच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा: युरोपीय संघात केवळ ऑफसेटच्या, म्हणजे दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन-कपातीचे श्रेय विकत घेण्याच्या, आधारावर उत्पादनाबद्दल असा दावा करण्यास २०२४ च्या निर्देशाने मनाई केली असून ती २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होते. विपणन विभागाच्या प्रत्येक हरित वाक्यापुढे अहवालातला पान क्रमांक लिहायला लावा. ज्याला पान सापडत नाही ते वाक्य काढा.

छापल्यानंतर

संचालक मंडळाची मंजुरी, वार्षिक अहवालाशी आकड्यांचा मेळ आणि जिथे सक्तीचे आहे तिथे एक्सबीआरएल टॅगिंग (संगणकाला वाचता यावेत म्हणून आकड्यांना खुणा लावणे) झाले की वाचकांच्या दृष्टीने काम संपते. ग्राहकसंख्या आणि कर्मचारीसंख्या दोन्ही अहवालांत एकच आहे का, हे मात्र शेवटच्या प्रूफवर पुन्हा पाहा. दोन विभाग वेगवेगळ्या तारखेचे आकडे घेतात आणि हा फरक पत्रकारही शोधून काढतात.

त्यानंतरच्या महिन्यात ऑडिटरच्या पत्रातले मुद्दे आणि "क" व "ड" दर्जाच्या साइट्सची यादी घेऊन खरेदी विभागाकडे जा. टॉवर कंपन्यांशी कोणते करार यंदा नूतनीकरणाला येतात ते विचारा. दर महिन्याला साइटवार युनिट, जनरेटरचे तास आणि डिझेलचे लिटर ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या तारखेला देण्याची अट त्या करारांत घाला, आणि न दिल्यास बिल रोखण्याची तरतूदही. करार एकदा सही होऊन गेला की अशी अट मध्येच घुसवणे जवळपास अशक्य असते आणि टॉवर करार दहा-दहा वर्षे चालतात, तेव्हा ही तारीख चुकवू नका.